हलायचे कोणी?

मराठी भाषेत गेल्या पंचवीस वर्षांत जे परके शब्द मुक्कामाला आले, त्यांत ‘रेंज’ या शब्दाइतका घरोघर रुळलेला दुसरा शब्द दाखवणे अवघड आहे. नातवाशी बोलणारी आजी तो वापरते, बाजार समितीच्या आवारातून भाव कळवणारा अडत्या वापरतो, आणि उसने पैसे परत करायचे विसरलेला स्नेही तर तो फारच सढळ हाताने वापरतो. मी पडलो मराठीचा मास्तर. नवा शब्द दिसला की त्याच्याबरोबर कोणती क्रियापदे नांदतात हे पाहण्याची मला खोड आहे. रेंज ‘येते’, ‘जाते’, ‘लागते’, ‘पळते’. म्हणजे मराठी माणसाने या इंग्रजी शब्दाला थेट पावसाच्या पंगतीला नेऊन बसवले! पावसासारखेच रेंजपुढेही आपले काही चालत नाही, अशी आपली पक्की समजूत आहे. ती येत नसेल तर वाट पाहायची, नाही तर उठून ती जिथे असेल तिथे जायचे: गच्चीवर, अंगणात, पारावर किंवा पाण्याच्या टाकीवर.

थोडक्यात, आजवरच्या या व्यवहारात हलायचे ते आपण. मनोरा जागचा हलत नाही, त्याच्या अंगावरचा अँटेना आपल्या जागेवरून सरकत नाही, आणि फोनच्या पोटातला अँटेनाही जिथे बसवला तिथेच बसलेला असतो. आता मात्र लंडन, सिंगापूर, चीन, जपान येथले काही संशोधक विचारू लागले आहेत की, माणसानेच का म्हणून हलायचे? अँटेनाने का हलू नये? पुढच्या पिढीच्या बिनतारी दळणवळणासाठी हलते, वाहते आणि वाकते अँटेना घडवण्याचा जो उद्योग सध्या चालला आहे, त्याची हकीकत या दिवाळीला सांगावी असे मनात आहे. विज्ञानाच्या प्राध्यापकाने सांगायची गोष्ट मराठीच्या प्राध्यापकाने का सांगावी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच, की या गोष्टीचा विचार करू लागलो की माझी पावले आपोआप आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरकडे वळतात. ती का वळतात, हे पुढे कळेलच.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘अँटेना’ हा शब्द स्वतःच मोठा भटक्या. लॅटिनमध्ये तो गलबताच्या शिडाला आडव्या बांधलेल्या काठीचा होता. पुढे तो किड्यांच्या मिशांना मिळाला, आणि मार्कोनीच्या काळात बिनतारी यंत्राच्या खांबावर जाऊन बसला. आपल्या परिभाषेत त्याला ‘आकाशक’ असा सुरेख प्रतिशब्द आहे. पण सुरेख प्रतिशब्दांचे जे होते तेच त्याचेही झाले आणि लोक अँटेनाच म्हणत राहिले. मला गंमत वाटते ती वेगळीच. झुरळाची मिशी कधी निरखून पाहिली आहे? ती क्षणभर स्वस्थ नसते. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली अशी सारखी चाचपत असते. माणसाने त्या मिशीचे नाव तेवढे उचलले आणि गुण सोडून दिला. आपली मिशी त्याने भिंतीला खिळे मारून ताठ उभी केली!

अर्थात हे अगदी सर्वस्वी खरे नव्हे. आमच्या लहानपणी अँटेना हलत असे, आणि त्याला हलवणारे यंत्र म्हणजे माझा मामा. १९८८-८९ चा तो काळ. रविवारची सकाळ, दूरदर्शनवर ‘महाभारत’, कौलांवर मामा, खिडकीत मामी आणि पडद्यासमोर आम्ही आठ-दहा पोरे, अशी ती साखळी असे.

“आलं काय?”

“नाई आलं!”

“आता?”

“आलं, आलं! अर्जुन दिसून राह्यला... गेला!”

“आता पाहा.”

“मामा, आता दोन अर्जुन दिसून राह्यले!”

मामाच्या हातातली ती कंगव्यासारखी नळ्यांची चौकट मूळची जपानची. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या दोघांनी ती १९२६ साली जगापुढे मांडली. एका दिशेचे चांगले ऐकायचे आणि बाकीच्या दिशांना कान बंद करायचे, हा तिचा गुण. म्हणूनच ती फिरवावी लागे. पण आज मला त्या चौकटीपेक्षा त्या दुसऱ्या अर्जुनाचे महत्त्व अधिक वाटते, कारण या लेखाचा सारा विषय त्याच्या पोटात आहे.

तो दुसरा अर्जुन कोठून येत असे? मनोऱ्यावरून निघालेली लहर एकाच वाटेने आपल्या घरी येत नाही. तिची एक शाखा थेट येते, दुसरी शेजारच्या टिनाच्या छपरावर आपटून येते, तिसरी पाण्याच्या टाकीला वळसा घालून येते. वळशाने येणारी अर्थातच किंचित उशिरा पोचते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हा उशीर डोळ्यांना दिसे: खऱ्या अर्जुनाच्या खांद्याला खेटून फिकट अर्जुन उभा राही. फोनमध्ये हा प्रकार दिसत नाही, पण घडतो तोच. विहिरीत एकदम दोन खडे टाकून पाहावे. दोन्हींच्या लाटा एकमेकींत शिरतात. जिथे दोघींचे चढ एकत्र येतात तिथे पाणी उंच उसळते, आणि जिथे एकीचा चढ दुसरीच्या उताराला भेटतो तिथे पाणी निश्चल राहते, जणू तिथे कोणी खडा टाकलाच नव्हता. आपल्या खोलीतली हवाही अशीच जोराच्या आणि शून्याच्या जागांनी विणलेली असते. ते विणकाम आपल्याला दिसत नाही, एवढेच.

आता या जागा किती दूर असतात? हिशेब सोपा आहे. बिनतारी लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. ती सेकंदाला ९० कोटी वेळा कंप पावत असेल, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झची असेल, तर तिची लांबी भरते ३३ सेंटिमीटर. अशा दोन सारख्या लहरी समोरासमोरून आल्या, की जोराच्या जागेपासून शून्याची जागा या लांबीच्या चौथाईवर, म्हणजे आठ सेंटिमीटरांवर असते. चार बोटे! भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या फाइव्ह-जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी हेच अंतर सुमारे दोन सेंटिमीटर होते, आणि २६ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी जेमतेम तीन मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. या मिलिमीटरवाल्या लहरींना आपण नवीन समजतो. पण जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात तशाच आखूड लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती.

हे सगळे पुस्तकात वाचले असते तर मी वाचून विसरलो असतो. ते मनात बसले ते रिद्धपूरला. मोर्शी तालुक्यातले हे गाव महानुभाव पंथाची काशी. २०२४ साली मराठी भाषेचे विद्यापीठ येथेच सुरू झाले, त्यामुळे आता ते वर्तमानपत्रांतही येते. मी मात्र एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याआधीपासून तेथे जात आलो आहे. संत्र्यांच्या बागांतून जाणारा रस्ता, उत्तरेला सातपुड्याची रेघ, आणि गावात पावलोपावली ओटे: श्रीगोविंदप्रभू येथे बसले, येथे खेळले, येथे निजले. महानुभावांची ‘स्थानपोथी’ म्हणून जी पोथी आहे, तीत कोणते स्थान कोठे, कोणत्या दिशेला, याची टिपणे आहेत. जागेला एवढे महत्त्व देणारे वाङ्मय मी दुसरे पाहिलेले नाही.

अशाच एका फेरीत आम्ही हातभर जाड भिंतींच्या एका जुन्या घराच्या ओसरीवर टेकलो होतो. एका विद्यार्थिनीला घरी फोन करायचा होता. ती म्हणाली, “सर, इथं रेंजच नाई लागून राह्यली.” मग ती उठली, खांबाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकली आणि तिचे बोलणे सुरू झाले. फार तर हातभर अंतर. बोलता बोलता तिने सवयीने मान वळवली आणि बोलणे तुटले. पुन्हा मान होती तशी केली आणि ते जोडले गेले. त्या मुलीने लहरींचे गणित केले नव्हते. तिने फक्त जागा बदलली होती. चार बोटांच्या हिशेबाने जे करायचे ते तिच्या देहाने आपोआप केले.

आणि त्याच ओसरीवर मला म्हाइंभट आठवले. तेराव्या शतकात श्रीचक्रधर निघून गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहू लागली. चक्रधरांच्या आठवणी कोणा एकापाशी नव्हत्या. त्या शिष्यांत विखुरल्या होत्या. म्हाइंभट विद्वान गृहस्थ. एका जागी बैठक मारून, कानावर येईल तेवढे लिहून, ग्रंथ पुरा करणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. ज्याच्यापाशी आठवण होती त्याच्यापाशी ते गेले. एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहिले. जिथे दोघांचे जुळले तिथे गोष्ट ठळक झाली. जिथे जुळले नाही तिथला दुसरा पाठही टाकून दिलेला नाही. पोथ्यांत अशा पाठभेदांना ‘वासना’ म्हणतात. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण ज्याचे नाव घेतो ते ‘लीळाचरित्र’ असे चालून चालून सिद्ध झाले. एकच वाणी अनेक वाटांनी आली होती. कुठे जोरात, कुठे क्षीण, कुठे थोडी उशिरा. तिचा खरा स्वर पकडायचा तर ऐकणाऱ्याने जागा बदलली पाहिजे, हे म्हाइंभटांना कोणी सांगावे लागले नाही.

ऐकण्यासाठी हलले पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्रात पुन्हा एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते सात शतकांनंतर, आणि गंमत अशी की तेही एका गोविंदाच्याच हातून. प्रा. गोविंद स्वरूप हे आपल्याकडच्या रेडिओ-खगोलशास्त्राचे जनक. ऑस्ट्रेलियाने देऊ केलेल्या, सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ जुन्या तबकड्या त्यांनी १९६५ साली कल्याणजवळ मांडल्या आणि त्यांवर सूर्याचे रेडिओ-बोल ऐकले. नंतर त्यांनी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली, ती १९७० साली सुरू झाली. आणि मग पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे, डोंगरांच्या आडोशाने माणसांचा गलबला कमी पोचतो अशी जागा हेरून, त्यांनी जीएमआरटी ही प्रचंड दुर्बीण उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! त्यांतल्या चौदा मध्यभागी, उरलेल्या तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या. एवढी तबकडी धातूच्या पत्र्याची केली तर वारा तिला मोडून टाकील. म्हणून तिचा पृष्ठभाग ताणलेल्या दोरांवर बसवलेल्या बारीक पोलादी तारांच्या जाळीचा केला, वारा त्यातून निघून जातो आणि लहर मात्र अडकते. शास्त्रज्ञांच्या या काटकसरीला आपल्या आयांनी नक्कीच शाबासकी दिली असती.

या तीसही तबकड्या मोटारींनी वळतात, मान वर-खाली करतात, आणि आकाशातल्या एकाच बिंदूवर कान लावतात. प्रत्येकीला तोच स्वर किंचित वेगळ्या क्षणी ऐकू येतो. ते तीस वृत्तांत संगणक ताडून पाहतो आणि त्यांतून एक चित्र काढतो. रात्रभर पृथ्वी फिरते, तशा त्या तबकड्याही आकाशाच्या मानाने जागा बदलत राहतात, आणि दर नव्या जागेवरून चित्रात नवा तपशील भरला जातो. म्हाइंभटांची रीत याहून निराळी होती असे मला तरी वाटत नाही. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेली’ हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण आवाज सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून ऐकला तो या खोडदच्या तबकड्यांनी. उतरण्याच्या काही क्षण आधी तो आवाज बंद पडला. यान आदळून फुटले होते. परक्या देशाच्या लेकराचे अखेरचे शब्द जुन्नर तालुक्यात ऐकले गेले! गोविंद स्वरूप २०२० च्या सप्टेंबरात गेले. तबकड्या अजून वळताहेत.

आता कोणी म्हणेल की, जगात हलते अँटेना आधीपासून आहेत, मग नवे काय? नवे आहे ते अंतर. खोडदची तबकडी ग्रह-तारे शोधण्यासाठी मान वळवते. आजचे संशोधक म्हणतात की, रोजच्या फोनसाठी आणि रोजच्या मनोऱ्यासाठी अँटेनाने केवळ चार बोटे सरकायचे आहे, त्या मुलीने ओसरीवर केले तेवढेच. हल्लीचे मनोरे अगदीच ठोंबे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. फाइव्ह-जीच्या एकेका फळीत चौसष्टपर्यंत अँटेना-साखळ्या असतात, आणि विजेच्या युक्तीने, जागचे न हलता, त्या आपला झोत ग्राहकाकडे वळवू शकतात. पण त्यांतला प्रत्येक अँटेना आपल्या जागेवर खिळलेला. तो नेमका शून्याच्या जागेवर बसला असेल तर त्याचे नशीब! मग संख्या वाढवायची, वीज वाढवायची, खर्च वाढवायचा. यावर नवे लोक म्हणतात: अँटेना थोडे ठेवा, पण त्यांना पाय द्या.

हे पाय निरनिराळे आहेत. २०२० च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले काइ-किट वाँग आणि त्यांचे सहकारी यांनी ‘द्रव अँटेना’ची कल्पना मांडली. एका बारीक नळीत पाऱ्यासारखी पातळ राहणारी धातू, बहुधा गॅलियमचे मिश्रण, पुढे-मागे सरकवायची, आणि ज्या जागी आवाज चांगला त्या जागी थांबवायची. प्रत्यक्ष द्रव नको असेल तर चिमुकल्या ठिपक्यांची फळी करून त्यांतला हवा तो ठिपका विजेने जागा करायचा. अँटेना न हलताच हलला! सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात रुई झांग आणि त्यांच्या मंडळींनी २०२२ पासून बारीक मोटारींवर सरकणाऱ्या अँटेनांचे गणित रचले. पुढे त्यांनी अँटेनाची जागाच नव्हे तर त्याचे तोंडही सर्व बाजूंनी फिरवण्याचा विचार मांडला. जपानच्या एनटीटी डोकोमो या कंपनीने २०२१-२२ मध्ये जे दाखवले ते मला सर्वांत घरगुती वाटले. लहर वाहून नेणारी एक प्लॅस्टिकसारखी दोरी खोलीभर ताणायची. जिथे रेंज हवी तिथे त्या दोरीला एक चिमटा लावायचा, कपडे वाळत घालायचा असतो तसा. चिमट्यापाशी लहर दोरीतून बाहेर झिरपते, आणि तेवढा कोपरा बोलका होतो. माणूस दुसऱ्या कोपऱ्यात गेला की चिमटा काढून तिकडे लावायचा. आमच्या घरातल्या मंडळींना हे शास्त्र शिकवण्यासाठी कोणा परदेशी तज्ज्ञाची गरज पडणार नाही.

याखेरीज वाकणारे अँटेना आहेत. पातळ पापुद्र्यावर छापलेले किंवा वीज वाहणाऱ्या धाग्याने कापडात विणलेले. चांदीच्या खऱ्या जरीतून वीज वाहतेच. तेव्हा कापडाचा अँटेना ही कल्पना आपल्याकडच्या विणकराला फारशी चमत्कारिक वाटू नये. अडचण अशी की कापड वाकले, चुरगळले की अँटेनाचा सूरही किंचित उतरतो. म्हणून वाकल्यावरही सूर सांभाळणारी रचना शोधणे, आणि उलट मुद्दाम वाकवून झोत हवा तिकडे नेणे, असे दोन्ही प्रयत्न चालू आहेत. रुग्णाच्या अंगरख्यात, जखमेच्या पट्टीत, गोल खांबाभोवती, जिथे ताठ फळी बसत नाही तिथे हे अँटेना बसतील.

हे सगळे उद्या सकाळी आपल्या दारात येणार, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. यातले बहुतेक काम अजून गणितात आणि प्रयोगशाळेत आहे. मोटार म्हटली की वेळ आला, वीज आली, झीज आली. धावत्या गाडीतल्या माणसाभोवतीचे लहरींचे विणकाम क्षणोक्षणी बदलते. अँटेना सरकून जागेवर पोचेपर्यंत ती चांगली जागा वाईट झालेली असायची. म्हणून मोटारीचे पाय शोभतील ते बसक्या ठिकाणी: कारखान्यात, दवाखान्यात, घरात, मनोऱ्यावर. शिवाय, कोणत्या दिशेला चार बोटे सरकायचे हे आधी कळायला हवे. प्रत्येक जागा चाचपून पाहत बसले तर बोलायचे कधी? थोड्या जागा चाचपून बाकीच्यांचा अंदाज बांधणे, हाच या विद्येतला खरा अवघड भाग आहे. सिक्स-जी म्हणून जी पुढची पिढी २०३० च्या आसपास यायची आहे, तिच्यात यांतले किती टिकते ते तेव्हा दिसेल.

या सिक्स-जीची आणखी एक बाजू आहे आणि ती मात्र दिवाळीच्या फराळाबरोबर सहज गिळता येण्यासारखी नाही. लहर भिंतीवर आपटते तशीच ती माणसावरही आपटते. परतलेली लहर नीट वाचता आली तर खोलीत कोणी आहे की नाही, तो उभा आहे की पडला आहे, एवढेच काय, त्याचा श्वास कसा चालला आहे, हेही कळू शकते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ साली सिक्स-जीचा जो आराखडा मान्य केला, त्यात निरोप पोचवणे आणि भोवताल जाणणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेने करावीत, हा एक स्वतंत्र उपयोग म्हणून नोंदलेला आहे. हलता अँटेना येथे फारच कामाचा. कारण एका जागेवरून पाहण्यापेक्षा चार जागांवरून पाहिले की आकृती स्पष्ट होते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांना नजर न लावता, कॅमेरा न ठेवता सांभाळता येईल, ही त्याची गोड बाजू. मुले पुण्यात किंवा परदेशात आणि आईवडील अमरावतीत, अशी कितीतरी घरे आज आहेत. ती या सोयीचे स्वागतच करतील. पण ऐकणारे यंत्र आपल्या बाजूचे आहे की दुसऱ्या कोणाच्या, हे भिंतीच्या आतल्या माणसाला कसे कळावे? कॅमेऱ्यावर निदान टॉवेल टाकता येतो. लहरीवर काय टाकणार? हे कायद्याने आणि कारागिरीने आधी ठरवायला हवे, यंत्र घरात शिरल्यावर नव्हे.

या प्रश्नांची चर्चा तज्ज्ञ करतील. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला यातला मूळ प्रश्न जुनाच वाटतो: बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये अंतर पडले, तर ते तोडायला हलायचे कोणी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका खेड्यात मी शिधावाटपाच्या रांगेशी थांबलो होतो. अंगठा लावला की धान्य, असे तिथले यंत्र. आकाश भरलेले, आणि यंत्र कोणाला तरी विचारत गोल गोल फिरत बसलेले. शेवटी दुकानदाराने यंत्र उचलले आणि समोरच्या कडुलिंबाखाली नेले. त्याच्यामागून सारी रांग चिखल तुडवत निघाली. रांगेत सत्तरीच्या पुढची एक म्हातारी होती. पिशवी सावरत ती म्हणाली, “माहा अंगठा मीच घेऊन आली ना बापा! मंग हे मशीन अजून कोनाले इचारून राह्यलं?”

त्या म्हातारीचा प्रश्न ऐकताना मला महानुभावांच्या इतिहासातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या आठवल्या. चक्रधर गुजरातेतून आलेले. तरी ते बोलले मराठीत, आणि तेही गावोगाव हिंडत, ऐकणाऱ्यांच्या ओसरीवर, ओट्यावर, झाडाखाली. गोविंदप्रभूंचा संचार तर रिद्धपूरच्या सगळ्या आळ्यांत, उच्चनीच न पाहता सगळ्यांच्या घरांत होता. पुढे पंथातल्या संस्कृतज्ञ पंडितांना, केशिराजांसारख्यांना, संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा मोह पडला, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना अडवले. कारण काय दिले? तसे केले तर पंथातल्या म्हाताऱ्यांना ते समजणार नाही, त्यांची नागवण होईल. संस्कृत काही दुबळा मनोरा नव्हता. त्याचा आवाज काशीपासून कांचीपर्यंत पोचत होता. पण रिद्धपूरच्या ओसरीवरची म्हातारी शून्याच्या जागेवर बसली होती. तिला उठून मनोऱ्याकडे यायला सांगण्याऐवजी आचार्यांनी वाणीलाच तिच्याकडे सरकायला लावले. मराठीत आज आपण जे बोलतो, लिहितो, छापतो, त्याच्या पायाशी हे सरकणे आहे.

म्हणून हलत्या अँटेनांची बातमी मला आवडली. शंभर वर्षे बळकटाने जागेवर उभे राहायचे आणि दुबळ्याने टाकीवर चढायचे, असा जो शिरस्ता पडला होता, तो उलटा करण्याची निदान शक्यता तिच्यात आहे. शक्यताच, कारण यंत्राला पाय मिळाले तरी ते कोणाकडे चालत जाईल हे यंत्र ठरवत नाही. काचेच्या भिंतींच्या कचेरीत चार बोटे सरकून आणखी वेगाने चित्रपट दाखवणे, हाही त्याचा उपयोग असू शकतो आणि त्यात पैसा अधिक आहे.

म्हणून २०३० नंतर सिक्स-जीच्या यशाचे आकडे येऊ लागतील, तेव्हा मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच टिपण करून आणायला सांगणार आहे. मनोरे किती झाले, वेग किती झाला, हे सरकारी अहवालात सापडेल. त्यांनी पावसाळ्यात एखाद्या खेड्यातल्या शिध्याच्या दुकानापाशी जाऊन उभे राहावे, आणि धान्य घेऊन परतणाऱ्या म्हातारीच्या पायांना चिखल आहे की नाही, तेवढे पाहून यावे.